उत्तर घेऊन येणाऱ्या विनयाताई

विनयाताई साठीच्या झाल्या म्हणून महिनाअखेर त्यांना घरी बसवता, ते ठीक. पण त्यांच्या जागी कोण येणार हे विचारलं, तर नवा रायपूरच्या त्या चकचकीत संस्थेत जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. बोलून झालं. आता ताईंच्या निरोपाला जमलेल्या सर्वांना नमस्कार.

डॉ. विनया तारेकर यांची माझी पहिली ओळख भांडणातली. सिकलसेलच्या संशोधनासाठी त्या आमच्या मोहल्ल्यात, तात्यापाऱ्यात, रक्त घ्यायला आल्या होत्या. मी दारातच अडवलं. "याच्याआधीचेही रक्त घेऊन गेले, बिस्कुटाचा पुडा देऊन गेले. काय निघालं ते सांगाले आलं काय कोणी?"

"काकू, मी येईन."

"हव, सारेच म्हणतात."

पण रक्त दिल्यावर त्या खरंच उत्तर घेऊन आल्या. आल्या त्या संस्थेच्या गाडीत, अन् गाडीवर रोगाचं नाव हे एवढं मोठं! सारा पारा, सारा मोहल्ला बाहेर. माझी नात रिंकी तेव्हा शाळेत शिकत होती. म्हटलं, "उद्या या पोट्टीसाठी पोरगा तुमी शोधून देता काय? पहिले गाडी हलवा!"

दुसरी कोणी रागावली असती. ताई गाडी घेऊन परतल्या अन् दुसऱ्या दिवशी ऑटोतून, अभनपूरची वांगी घेऊन, पाहुणीसारख्या आल्या. निम्मी किडकी होती; भाजी त्यांना आजही कळत नाही. स्वयंपाकघरात बसून त्यांनी आधी रिंकीला, मग मला समजावलं: हिला रोग नाही, ही वाहक आहे, नवराही वाहक निघाला तर लेकरांना रोग होऊ शकतो, म्हणून लग्नाआधी मुलाचंही रक्त तपासायचं. तेव्हापासून त्यांची माणसं कोणाकडेही जातात ती गाडी दूर ठेवून, आणि आत बसून हळू आवाजात सांगतात. ताईंनी मोठाले शोधनिबंध लिहिले म्हणे. ते मला वाचता येत नाहीत. हे मात्र मी पाहिलं.

आता रिंकीचं लग्न जुळून राहिलं. दुर्गच्या मुलाने आपणहून रक्त दिलं. ती म्हणते, "आजी, टेन्शन मत लो, रिपोर्ट आ जाएगी." येईल गं, पण समजावेल कोण?

विनयाताई, तुम्ही शंभरी गाठा, गुडघे सांभाळा, वांगी आम्ही आणू. आणि तुमच्या खुर्चीवर जो कोणी बसेल त्याने ऐकून ठेवावं: उत्तर चपराशाच्या हाती पाठवायचं नाही, फोनवर उरकायचं नाही. स्वतः यायचं, ऑटोने यायचं, अन् आधी रिंकीला सांगायचं.