काळे वस्त्र आणि दह्याची वाटी

शिरूरचे घर सोडून मुलाकडे इंग्लंडला निघालो, तेव्हा माझ्या तळहातावर दही घातले शेजारच्या वहिनींनी. ते विरजले होते माझ्या धाकट्या बहिणीने, कुसुमने. पण निघणाऱ्याला विधवेने सामोरे येऊ नये, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. फटीतून तिच्या फिक्या पातळाचा काठ तेवढा दिसला. मी हाक मारली नाही. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत टॅक्सी तासभर अडकली. परत फिरता आले असते. मी विष्णुसहस्रनाम म्हणत बसलो.

त्या दाराआड तिला उभे करणाराही मीच. तिचे यजमान दौंडला रेल्वेत होते. ते गेले आणि ती माहेरी परतली, तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मी पाठशाळेतून नुकताच परतलो होतो. वडील म्हणाले, "शास्त्र तू शिकलास. काय ते तूच सांग." मी सांगितले. कुंकू, बांगड्या, जोडवी, रंगीत वस्त्रे, सारे वर्ज्य. कुठेही अडखळलो नाही. पुढे माझी पत्नी निवर्तली. दोन महिन्यांत मी एका वास्तुशांतीला पौरोहित्य करीत होतो. कोणास अपशकून झाला नाही.

इथे मुलगा आणि सून ड्यूटीवर गेली की मी संध्या आटोपतो, हीटिंग कमी करतो आणि जवळच्या लहानशा म्युझियममध्ये जाऊन बसतो. तिथे काचेआड एक काळा पोशाख आहे. राणी व्हिक्टोरियाच्या काळातील विधवेचा. तेथील वृद्ध बाईंनी मला तो समजावून सांगितला: क्रेप नावाचे हे खरखरीत कापड दोन-दोन वर्षे अंगावर, तोंडावर जाळी, चमकणारे काहीही वर्ज्य. पावसात भिजले की काळा रंग उतरून मानेवर डाग पडत.

मी विचारले, पुरुष काय घालीत? टोपीला काळी पट्टी, असे म्हणून त्या हसल्या.

मला हसू आले नाही. तेव्हापासून जपात मन ठरत नाही. मणी पुढे सरकतात आणि मी त्या फटीपाशी पोहोचतो.

अखेर कुसुमला फोन केला. चैत्रात येतो आहे, म्हणालो. दारात भाकरतुकडा तू ओवाळायचा, स्वतःच्या कपाळी कुंकू लावून.

ती म्हणाली, "विलायतेत शास्त्र बदललं का, दादा?"

"शास्त्राचं राहू दे. मी चुकलो, कुसुम."

"पन्नास वर्षांनी सांगताय व्हय? आता आरशात कपाळ बघायची सवय बी न्हाई." पलीकडे भांडे ठेवल्याचा आवाज झाला. "या तुम्ही. मी दारात येईन. पण कुंकवाचं माझं मी ठरवीन. तेवढं तरी मला न विचारता सांगायचं न्हाई."

मी होय म्हणालो. तिच्याबाबत काहीही न ठरवता दिलेला माझा तो पहिला होकार.

हे वाचणारे तुम्ही, तिथे राहिलेले असा की माझ्यासारखे इकडे आलेले, तुम्हांला घर म्हणजे काय ते सांगण्याचा अधिकार मला उरलेला नाही. बॅग भरून ठेवली आहे. चैत्राला अजून अवकाश आहे. ती उंबऱ्यावर कोणत्या कपाळाने उभी असेल, मला ठाऊक नाही. ती उभी असेल, तेच माझे घर.