फोनमधलं गाऱ्हाणं

आमच्या मजल्यावर कुणाचाही मोबाइल अडला की तो माझ्याकडे येतो. कुणाच्या फोनला आवाज नाही, कुणाची अक्षरं एकदम मुंगीएवढी झाली, कुणाचं लाइटबिल कसल्याशा अ‍ॅपमध्ये अडकून बसलं. मी चष्मा कपाळावर ढकलते, दोन-तीन ठिकाणी बोट दाबते आणि फोन परत देते. लालबागच्या या इमारतीत मला त्यामुळे एक मान आहे, आणि खोटं कशाला बोलू, तो मला आवडायचाही.

बाबांना मात्र ही वस्तूच पटली नव्हती. ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर घरीच मिक्सर, इस्त्र्या, शिलाई मशिनं दुरुस्त करत बसायचे. मी स्मार्टफोन आणून दिला तेव्हा त्यांनी तो आधी उलटा केला आणि कडेनं नख फिरवलं.

"ह्येका स्क्रू खंय आसत?"

"नाहीत बाबा. हा उघडत नाही."

"मगे बिघाडलो तर?"

"नवीन घ्यायचा."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी घरातल्या कुणाला तरी बाहेर काढायला सांगत होते. ज्या वस्तूला स्क्रू नाही ती आपली नाही, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत बदललं नाही. तरी फोन वापरायला शिकले. शिकले म्हणजे काय, त्यांचा जाड अंगठा कुठेतरी पडायचा आणि आपोआप काहीतरी सुरू व्हायचं. त्यांच्या फोनमध्ये असे चुकून निघालेले कितीतरी व्हिडिओ होते. खिशातला अंधार, जमिनीवरची चप्पल, स्वतःच्याच नाकाची एक बाजू. आम्ही ते बघून पोट धरून हसायचो.

आम्ही मूळचे मालवणकडचे. गावचं घर भावकीत बंद पडलं, तेव्हापासून आमचा गणपती इथेच, लालबागच्या दोन खोल्यांत येतो. पहिल्या दिवशी आरती झाली की बाबा गाऱ्हाणं घालायचे. म्हणजे घरातला मोठा माणूस हात जोडून, मोठ्यानं, आपल्या बोलीत देवाला घरचं सगळं सांगतो. काय मिळालं, काय राहिलं, कुणाचं काय चुकलं. आणि त्याच्या प्रत्येक मागण्यावर बाकीच्यांनी एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं. बाबांचा आवाज एरवी घोगरा, पण गाऱ्हाण्याला तो असा काही लागायचा की खालच्या मजल्यावरची माणसंही आपापल्या घरातून 'होय म्हाराजा' म्हणायची.

ते गेले ते ऐन गणपतीच्या आठ दिवस आधी. त्या वर्षी सुतक होतं, गणपती आणला नाही.

पुढच्या वर्षी आणला. आरती झाली. गाऱ्हाणं कुणी घालायचं? भाऊ जमिनीकडे बघत होता. त्याला येत नव्हतं. शिकू, शिकू म्हणता राहून गेलं होतं. तेव्हा आई म्हणाली, "ह्यांनी फोनात भरून ठेवलेला आसा."

आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या गणपतीला बाबांनी स्वतःच फोन चालू करून मखरापाशी ठेवला होता आणि नंतर फक्त आईला सांगितलं होतं. भावानं तो व्हिडिओ शोधून काढला, फोन छोट्या स्पीकरला जोडला आणि पाटाशेजारी पालथा ठेवला. आम्ही हात जोडून डोळे मिटले.

आधी खोकला आला. मग, "चालू झाला काय ह्या?" आणि मग तो आवाज. "बा गणपती म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाशी उभी आसत. जा काय गोडधोड केला, ता मान्य करून घे. कोणाच्या हातान काय चुकला-माकला आसात, ता पदरात घे, रे म्हाराजा!"

'होय म्हाराजा' आम्ही म्हणालो, आणि फोनमधूनही आम्हीच म्हणालो. दोन वर्षांपूर्वीची मी, दोन वर्षांपूर्वीचा भाऊ, सगळे त्यात होतो. आई रडत नव्हती. ती हसत होती. बाबा गेल्यापासून तिला असं हसताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला मात्र हुंदका आवरला नाही.

भाऊ तो व्हिडिओ तिथल्या तिथे सगळ्यांना पाठवायला गेला, तर 'फाइल खूप मोठी आहे' असं उत्तर आलं. मी म्हणाले, "असू दे रे, मी बघते नंतर. ते माझ्यावर सोड."

बाबांचा फोन आईच वापरत होती. गावचे लोक त्याच नंबरवर फोन करायचे, बँकेचे मेसेज त्याच्यावरच यायचे. पण गणपतीनंतर तो फारच रडकुंडीला आला. फोन वाजायचा, पण उचलता यायचा नाही. मेसेज येऊन पडायचा दुसऱ्या दिवशी. त्यातच बातमी वाचली की कंपनी या मॉडेलला आता अपडेट देणार नाही. त्याच बातमीच्या खाली घडी घालता येणाऱ्या नव्या फोनचं कौतुक होतं. धडधाकट वस्तूला हे लोक म्हातारी ठरवतात आणि वर आपल्यालाच लाज वाटायला लावतात. मी चिडले, आणि एका रविवारी दुपारी आईचा फोन साफ करायला बसले. नको ते फोटो, शेकड्यांनी आलेले सुप्रभात, कुणाकुणाच्या लग्नांचे व्हिडिओ. जागा मोकळी करा, असं फोनच सांगत होता. मी करत गेले. शेवटी त्यानं कचरापेटीही रिकामी करू का, असं विचारलं. मी 'हो' म्हटलं.

फोन एकदम पळायला लागला. आई म्हणाली, "तुझ्या हाताक गूण आसा गो बाय."

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला बाबा आपली हत्यारं पुजायचे. पाने, पक्कड, टेस्टर, सगळं रॉकेलनं पुसून, पाटावर मांडून, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. ते गेल्यावर आईनं ते सोडलं नाही. त्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले, तर पाटावर पक्कड आणि टेस्टर यांच्या मधोमध बाबांचा फोन. आईनं तो ओल्या फडक्यानं लख्ख पुसला होता, त्याला ओल्या कुंकवाची पाच बोटं लावली होती, त्यातलं एक नेमकं चार्जिंगच्या भोकावर. आणि ती पंचपात्रीत फूल बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडत होती. आईच्या हिशेबी ते बाबांचं शेवटचं हत्यार होतं. पूजेत बाकीची बसली आणि तेच राहिलं, हे तिला कसं चालणार?

मी फोन उचलला. पडद्यावर हिरवी रेघ आली, थरथरली, आणि सगळं काळं झालं.

"अगं आई, काय केलंस हे! फोन म्हणजे काय पक्कड आहे? बाबांचा आवाज होता त्यात! होता तेवढा एकच होता!"

हे मी ओरडले. शेजारच्या दारात माणसं आली. आईच्या हातात फूल तसंच होतं. ती पदरानं तो पाट पुसायला लागली. पाणी पुसून घेतलं की झालेलं परत फिरेल, असं तिला वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन आधी दादरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथे गार हवा, टोकन नंबर, आणि काउंटरवर एक हसरी मुलगी. हे मॉडेल आता आम्ही घेत नाही मॅम. आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही मॅम. जुना दिला तर नव्यावर सूट आहे मॅम. मी तिला म्हणाले, "बाई, माझा बाप आहे त्यात." ती हसायची थांबली, एवढंच. तिच्या हातात तरी काय होतं?

मग कुणीतरी गिरगावातल्या एका गल्लीचं नाव सांगितलं. जिन्याखाली एवढीशी जागा, डोळ्याला भिंग लावलेला माझ्याच वयाचा एक गृहस्थ. त्यानं फोन गरम केला, पातळ पट्टी सारून तो उघडला आणि आतलं कुंकू ब्रशनं झाडलं. आजूबाजूच्या पसाऱ्यात बारके बारके स्क्रू होते. बाबांना हा माणूस आवडला असता. तीन दिवसांनी त्याचा फोन आला, "मॅडम, तुमचा पेशंट वाचला."

मी धावतपळत गेले. फोन चालू होता. पडदाही ठीक होता. फोटो सगळे जागच्या जागी. मी व्हिडिओ शोधायला लागले. एकदा वर गेले, एकदा खाली आले. गाऱ्हाणं नव्हतं.

"पाण्यानं गेलं का हो?" मी विचारलं.

"नाय हो मॅडम. पाणी खाईल तर आख्खा फोन खाईल, नायतर काय नाय खाणार. असा एकच व्हिडिओ वेचून कसा काढंल? तो कोणीतरी हातानंच उडवलाय. कचरापेटी पण साफ हाय. कोणी साफसफाई केलती काय?"

रविवारची ती दुपार मला जशीच्या तशी दिसली. मोठ्या फायलींची यादी, प्रत्येकीवर एक लहानसं चित्र. त्यातलं एक चित्र आमच्या छताचं होतं. छत आणि पंख्याची दोन पाती. बाबांच्या नेहमीच्या वेड्यावाकड्या व्हिडिओंपैकी एक, असं समजून मी स्वतःशीच हसले होते आणि त्यावर खूण केली होती. गाऱ्हाण्याच्या वेळी बाबांनी फोन पुढचा कॅमेरा लावून मखरापाशी उताणा ठेवला असणार, त्याला छताशिवाय दिसणार काय? आणि आम्ही ते ऐकलं तेव्हा फोन पालथा होता, डोळे मिटलेले होते. त्या आवाजाला चेहरा कसला आहे, हे मी कधी बघितलंच नव्हतं. लावून बघायला दोन सेकंद लागली असती.

त्या माणसानं खूप खटपट केली. दोन दिवस फोन ठेवून घेतला. नाही मिळालं.

घरी जाताना मी ठरवलं होतं की सगळं सांगायचं. दारातच आईनं विचारलं, "चालू झालो?"

"फोन चालू झाला."

"आणि ह्यांचो आवाज?"

मी नकारार्थी मान हलवली. आई खाली बसली. म्हणाली, "माझ्याच हातान गेलो." आणि मी, जिला चारचौघांत ओरडताना तोंड होतं, मी गप्प राहिले. आज नको, उद्या सांगू, असं मनाशी म्हणाले. त्या उद्याला आता बरेच महिने झाले. लाज वाटली हे खरं, पण नुसती लाज नव्हती. मजल्यावर जिच्याकडे सगळे फोन घेऊन येतात, तिनं हे केलं, हे मला तोंडानं म्हणवेना. मी भित्री निघाले.

आईचं मात्र सगळं बदललं. फोन वाजला की ती आधी हात पदराला पुसायची, उलटे-सुलटे दोनदा, आणि मग विचारायची, "बाय, मी उचलू?" गावाहून कुणाचा फोन आला की त्यालाही सांगायची की आपण पूजेत पाणी शिंपडलं आणि माणसाचा आवाज घालवला. मी आतल्या खोलीत उभी राहून ऐकायचे. भावानं तिला नवा फोन आणला, तर तिनं तो खोक्यातून बाहेरच काढला नाही.

यंदा पुन्हा गणपती आला. आरती झाली. भाऊ यावेळी कागदावर लिहून घेऊन आला होता. दोन वाक्यं म्हणाला आणि अडकला. तेव्हा आई मागून पुढे आली. आमच्या घरात बाईमाणसानं कधी गाऱ्हाणं घातलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. आवाज बारीक होता, पण कुठे अडखळला नाही.

"बा गणपती म्हाराजा, पोरांनी तुझी सेवा केली ती मान्य करून घे, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्यांचो आवाज घरात रवलो होतो, तो माझ्या हातान गेलो. मुद्दाम करूक नाय. ती चूक पदरात घे. आणि त्येंका सांग, माझ्यार राग धरू नकात म्हणान, रे म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" भाऊ म्हणाला, वहिनी म्हणाली, दारातले शेजारी म्हणाले. मी तेवढी म्हणाले नाही. आई थांबली. गाऱ्हाण्यात एकही तोंड मिटलेलं चालत नाही, मागणं अर्धंच पोचतं असं ती मानते. तिनं वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती.

"बाय, तूय म्हण गो. तू म्हटल्याशिवाय त्येंका पटाचा नाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले आणि म्हणाले, "होय म्हाराजा."