आमेनला अडलेली प्रार्थना

लॉन्ड्रीत इस्त्री करणारी मावशी प्रार्थनेला उभी राहिली की चर्चच्या मंडळीतली जाणती माणसं मनाची तयारी करून ठेवत. प्रार्थना साधीच असे. प्रभू, माझी लेक जिथं असेल तिथं तिला सांभाळ आणि तिला घरी आण. एवढं म्हणून ती खाली बसे. आमेन नाही की काही नाही. सगळे माना खाली घालून, डोळे मिटून ताटकळत राहायचे. कोणी खोकायचं, कोणी एक डोळा किलकिला करून अंदाज घ्यायचं. एकदा पेटी वाजवणाऱ्या काकांना राहवलं नाही आणि त्यांनीच मोठ्यानं आमेन म्हणून टाकलं. मावशीनं त्यांना दारात गाठून चांगलं फैलावर घेतलं.

"माझ्या प्रार्थनेला कुलूप लावणारे तुम्ही कोण?"

तिचं म्हणणं सरळ होतं. आमेन म्हटलं की प्रार्थना संपली. मागितलेलं पदरात पडलं नाही, तर संपवायची कशी? नव्या पाळकांनी तिला समजावून पाहिलं, की आमेन म्हणजे संपलं असं नव्हे. आमेन म्हणजे तसंच होवो, आता तुझ्यावर सोपवलं. मावशीनं सगळं नीट ऐकून घेतलं, लेक आली की म्हणेन असं सांगितलं आणि चपला पायात सरकवून निघून गेली. पाळकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

लेक आईच्याच वळणावर गेली होती, महाहट्टी. एका रविवारी तिनं उपासनेला यायला नकार दिला. माझा विश्वास उरला नाही, आणि नसताना हात जोडायचं नाटक मला जमणार नाही, असं तिनं तोंडावर सांगितलं. आईचा पारा चढला. प्रभूला सोडायचं असेल तर मलाही सोड, असं ती बोलून गेली. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतं. पण पोरगी शब्दाची पक्की निघाली, तिनं दोघांनाही सोडलं. दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि फोनही बंद केला.

लॉन्ड्रीत मोठ्या चादरींच्या घड्या घालणं हे दोघींचं काम असतं. पूर्वी लेक कॉलेजातून परस्पर इकडे यायची आणि समोरची दोन टोकं धरायची. चादर ताणायची, झटकायची, मग चार पावलं पुढं येऊन आपली टोकं आईच्या हातात द्यायची. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. तेव्हा मावशीला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आता मात्र चादर हनुवटीखाली धरून एकटीनं घडी घालताना जीव कासावीस व्हायचा. मालकानं मदतीला बाई देऊ केली, तर हिनं साफ नाही म्हटलं.

एका दुपारी तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"आई," पलीकडून आवाज आला.

या क्षणी काय बोलायचं हे तिनं मनात किती वेळा घोकलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेल तर शपथ.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

जेवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीच्या पोटात गाठ निघाली होती आणि थोड्या वेळात ऑपरेशन होतं. सोबत मैत्रीण होती. मावशी म्हणाली, ही निघालेच मी. लेक म्हणाली, नको, आत्ता नको.

"माझा अजूनही विश्वास नाही, आई. खोटं बोलणार नाही. पण तू कर ना प्रार्थना. मी ऐकते."

मावशीनं इस्त्री बंद केली, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. डॉक्टरांच्या हातांसाठी मागितलं, पोरीची भीती जावी म्हणून मागितलं, त्या न पाहिलेल्या मैत्रिणीसाठीसुद्धा मागितलं. मग सवयीनं थांबली. कानात लेकीचा श्वास ऐकू येत होता. मावशी हलली नाही. इतकी वर्षं तिला हेच तर हवं होतं.

"आई, आमेन म्हण ना," लेक हळूच म्हणाली. "मी डोळे मिटून बसलेय. न्यायला आलेत मला."

लहानपणी आईच्या मांडीला खेटून बसायची तेव्हाही ही पोर आमेन होईपर्यंत डोळे उघडायची नाही. मावशीला कळून चुकलं, की आपण गप्प आहोत तोवर ती बसून राहील. म्हटलं की फोन ठेवेल, आणि मग पुढचं काहीच आपल्या हातात नाही. तिला रडू फुटलं. तिनं फोन कानाशी घट्ट दाबून धरला.

"प्रभू, ही तुझ्या हाती," ती म्हणाली. "आमेन."

"ठेवते, आई," लेक म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मावशी तिथंच उभी राहिली. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा डोळे मिटले आणि पहिल्यापासून सुरुवात केली.