न भेटलेल्या बाईंची वेबसाइट

धानोऱ्याला बदली झाली तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. लग्न केलं नव्हतं. चंद्रपूरचं घर आईवडील गेल्यावर भावाने भाड्याने दिलं आणि सुट्टीत जायला जागा उरली नाही. शाळेत शिकवायचं, खोलीवर यायचं, एकटीपुरता भात टाकायचा.

संध्याकाळी मागच्या गल्लीत कचरा जाळायचे. त्यात कुरकुऱ्यांची पाकिटं, प्लास्टिकच्या पिशव्या. घसा धरायचा. निदान आपल्या घरातून तरी त्यात काही जाऊ नये म्हणून कचरा कमी कसा करायचा ते मोबाइलवर शोधायला लागले, आणि तशा काही वेबसाइट्स सापडल्या. गच्चीवर भाजी पिकवणारं एक जोडपं होतं. कमीत कमी वस्तूंत राहणारी एक परदेशी मुलगी होती, तिचं इंग्रजी मी हळूहळू वाचायची. पण माझी खरी आवडती साइट मराठी होती. कोणी वयस्क बाई लिहायच्या. फोटो नाही, नाव नाही. रिठ्याने भांडी कशी निघतात, जुन्या चादरीच्या पिशव्या, बाजारात जाऊनही काही न घेता परत येणं, असलं काहीबाही. समोर बसून बोलल्यासारखं लिहायच्या.

नेटवर्क खोलीत यायचं नाही, दाराबाहेरच्या पायरीवर यायचं. शेजारच्या भाभी शिवणकाम करायच्या. मला रोज तिथे बसलेली बघून एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, कोनाशी बोलून राह्यल्या रोज?"

"कोनाशीच नाई भाभी. वाचून राह्यले."

त्यांचा विश्वास बसला नसावा. तरी मी पिशव्या शिवते म्हटल्यावर कापडाच्या चिंध्या मात्र आणून द्यायच्या.

एकदा त्या बाईंनी घरातल्या वस्तू कमी करण्याबद्दल लिहिलं. मी खाली प्रतिक्रिया दिली, "माझ्याकडे आधीच कमी आहे. ताटसुद्धा एकच आहे." दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर होतं, "मग एक ताट जास्तीचं घ्या. कमीत राहायचं म्हणजे एकटं राहायचं असं नाही." मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. रविवारी बाजारातून स्टीलचं ताट आणलं.

तेव्हापासून आम्ही बोलू लागलो, सगळं त्या प्रतिक्रियांच्या रकान्यात. मी मोहाबद्दल लिहायची. मोहाची फुलं पडायला लागली की झाडाखालची जागा झाडून स्वच्छ करतात आणि पहाटे बायका टोपल्या घेऊन वेचायला निघतात, हे सांगितलं तर त्यांनी वास कसा असतो ते विचारलं. मला नीट सांगता आलं नाही. गोड, पण डोक्यात जाणारा, एवढंच लिहिलं. त्या कुठे राहतात हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचं लिहिणं थांबलं. मी रोज उघडून बघायची. तब्येत बरी आहे ना, असं लिहिलं. उत्तर नाही. उन्हाळा लागता लागता साइटवर चार ओळी आल्या. त्यांच्या मुलीने लिहिल्या होत्या. आई गेली, तिच्या वाचकांचे आभार.

मी पायरीवरच रडत बसले. भाभी बाहेर आल्या.

"काऊन रडून राह्यल्या मॅडम? कोनी गेलं का?"

"हो."

"कोन होतं?"

"ओळखीच्या होत्या."

"कुठच्या?"

"मले म्हाईत नाई," मी म्हटलं. तसं म्हणताना जास्तच रडू आलं. त्यांना मोबाइल दाखवला, जमेल तसं सांगितलं. त्या ऐकून आत गेल्या.

दिवे लागले तेव्हा त्या डबा घेऊन आल्या. डाळ, भात, वर दोन पोळ्या.

"गमीच्या घरी चूल पेटवत नाई," त्या म्हणाल्या.

"भाभी, त्या माझ्या घरच्या नव्हत्या."

"रडून तर तुमीच राह्यल्या ना."

त्यांना लग्नाचे ब्लाऊज शिवून द्यायचे होते. डबा ठेवून त्या गेल्या. मी दार लोटून घेतलं आणि जेवले. कितीतरी दिवसांनी दुसऱ्याच्या हातचं जेवत होते.

ती साइट पुढे काही महिने उघडत राहिली. मी जुनं जुनं वाचायची, आमच्या गप्पाही. मग एके दिवशी असं पान अस्तित्वात नाही असा संदेश आला, आणि मोहाबद्दल मी लिहिलेलंही त्याबरोबर गेलं. गच्चीवाल्या जोडप्याची साइट अजून चालू आहे. मी बघते, पण तिथे काही लिहीत नाही.

माझ्या घरचा ओला कचरा आता मडक्यात जिरतो. त्या खतावर लावलेल्या दोडक्याला परवा पहिलं फूल आलं. फोटो काढला. कोणाला पाठवावा ते सुचेना. शाळेची वेळ झाली होती, मोबाइल पिशवीत टाकला आणि निघाले.