बाबांच्या गाडीची नवी कॉइल

नवी गाडी ॲव्हरेज देते, जुनी गाडी किस्से देते. आमच्या सोसायटीत जुन्या गाड्या तीन: बाबांची, शेजारच्या सलीमकाकांची आणि वरच्या मजल्यावरच्या जोशी सरांची. तिन्ही एकाच मॉडेलच्या आणि तिघींना रोगही एकच. इंजिन तापलं की इग्निशन कॉइल मान टाकायची, ठिणगी पडायची नाही, आणि गाडी भर रस्त्यात उभी! दर रविवारी तिघं बॉनेटं उघडून बसायचे.

मी खराडीत सॉफ्टवेअरमध्ये लागले तोवर सोसायटीचं पार्किंग लोनवर घेतलेल्या नव्या गाड्यांनी भरलं होतं. एकदा बाबा माझ्याच ऑफिसच्या गेटसमोर अडकले. मागून हॉर्नचा कल्लोळ. घरी येऊन म्हणाले, "पुरे झालं. विकून टाकतो." माझं बालपण त्या मागच्या सीटवर गेलंय हो!

*

बाबा लिफ्ट देण्याआधी माणसाच्या पायांकडे बघायचे. "बूट घालून या. ढकलावी लागली तर?"

एका नव्या भाडेकरूला ती थट्टा वाटली. तो स्लिपर घालूनच वाघोलीपर्यंत गेला. परत आला तेव्हा पायात एकच स्लिपर होती!

*

कॉइल तापली की तिच्यावर ओलं फडकं ठेवायचं, हा तिघांचा ठरलेला उपाय. सलीमकाका भाच्याच्या लग्नाला निघाले आणि वाटेत गाडी बंद. पाण्याची बाटली रिकामी. गाडीत होतं ते फक्त लग्नासाठी घेतलेलं गुलाबपाणी. काकांनी तेच फडक्यावर ओतलं.

हॉलच्या दारात बॉनेटमधून असा घमघमाट सुटला की मुलीकडची मंडळी गाडीभोवतीच जमली. काका म्हणाले, "नवरदेव मागून येतोय. ही आधी नटून आलीये!"

*

जोशी सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जास्त ताकदीची कॉइल आधी त्यांनीच बसवली आणि आम्हाला ठिणगीवर व्याख्यानही दिलं. पण कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे जुने कॉन्टॅक्ट पॉइंट तसेच ठेवले. वाढलेल्या करंटने ते जळाले आणि सर रिक्षाने घरी आले.

"काय सर, प्रयोग यशस्वी?" काकांनी विचारलं.

"विद्यार्थी पास. शाळा जळाली."

*

ही आमच्या घराण्यातली पहिली गाडी. बाबांनी सरकारी नोकरीच्या पगारातून घेतली आणि लोणी काळभोरला आजोबांना दाखवायला निघाले. ती नेमकी वेशीवर बंद पडली! वस्तीतली माणसं धावली आणि ढकलत घरापर्यंत घेऊन आली. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबांनी टपावर हात ठेवला. "ढकलत का हुईना, दारात आली न्हवं? गाडी आपली हाय!"



*

गिऱ्हाईक रविवारी येणार होतं. सरांचा अनुभव ताजा होता, म्हणून मी नव्या कॉइलबरोबर पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशनही आणलं. शनिवारी सर, काका आणि मी, तिघांनी मिळून ते बसवलं, ठिणगी मोठी पडावी म्हणून प्लगची गॅप वाढवली. बाबा गॅलरीतून बघत होते. "विकायच्या गाडीला दागिने कशाला?"

रविवारी गिऱ्हाईक आलं. बाबांनी त्याला आधीच बजावलं, "तापली की बंद पडते. नंतर तक्रार नको." त्याला शेजारी बसवलं, मला मागे, आणि खात्री पटवायला भर उन्हात दिवे घाटाकडे गाडी काढली.

गाडी घाट चढली. कुठेही थांबली नाही. वर पोचल्यावर बाबांनी स्वतःच इंजिन बंद केलं आणि लगेच चावी फिरवली. एका झटक्यात सुरू! पुन्हा बंद केलं, पुन्हा फिरवली. पुन्हा सुरू!

सोसायटीत आल्यावर बाबांनी चावी काढून खिशात टाकली.

"गाडी पसंत आहे काका," गिऱ्हाईक बाबांना म्हणालं. "कधी घेऊन जाऊ?"

बाबांनी त्याच्याकडे नवलाने पाहिलं.

"अहो, चालू गाडी कुणी विकतं का?"