फुकट्यांचे वकील

"आधी बसा. उभं राहून माणूस निम्मंच सांगतो."

महाडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. म्हणणारे वकील स्वतः उभे असायचे, कारण त्यांच्या टेबलाला खुर्ची एकच होती आणि तिच्यावर पक्षकार बसलेला असायचा. खुर्चीची सवय नसलेली माणसं कडेला जेमतेम टेकायची. मग हे म्हणायचे, "नीट बसा, सरकारी खुर्ची आहे." खुर्ची त्यांनी घरून आणलेली होती.

सरकारनं गरिबांना दिवाणी दाव्यात मोफत वकील द्यायची योजना काढली, तालुक्याला एक समिती नेमली आणि मी तिचा कारकून झालो. वकिलांच्या यादीत नाव घालायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. सरकारी फी अशी होती की ती मिळाल्याचं घरी सांगायलाही संकोच वाटावा. या वकिलांनी पहिल्याच दिवशी नाव दिलं. बाजारपेठेनं लगेच त्यांना 'फुकट्यांचे वकील' म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी फक्त दुरुस्ती सुचवली. म्हणाले, "फुकट कसलं? काड्यापेटीवर कर आहे. हे लोक चूल पेटवतात तेव्हाच माझी फी भरतात."

ते फार मोठे वकील होते असं मी म्हणणार नाही. तुम्ही कोर्टाची पायरी चढला असाल तर असे वकील तुम्हीही पाहिले असतील. कायद्याची पुस्तकं ते ओळीवर बोट फिरवत वाचायचे, आणि बरेच दावे हरायचेही. पण हरलेल्या माणसाला पुन्हा त्याच खुर्चीवर बसवून आपण का हरलो ते समजावून सांगायचे. जिंकलेल्याला एवढा वेळ देत नसत.

एकदा पोलादपूरच्या पुढून, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या बौद्धवाडीतून एक बाई आली. पन्नाशीची विधवा. नवरा मुंबईला गोदीत कामाला होता, त्याच्या पगारातून वाडीत घर झालं होतं. तो वारल्यावर दिरानं दावा लावला की घर आपलं आहे, भावजयीनं ते खाली करून द्यावं. तिला वकील मिळाला नाही तर घर जाणार हे उघड होतं, आणि जायला दुसरी जागा नव्हती.

तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला चोख होता. घोटाळा वेगळाच झाला. बाई समितीपुढे आली ती जांभळ्या जरीकाठी लुगड्यात. कानात सोन्याच्या कुड्या, पायात नव्या वहाणा, हातात लाकडी मुठीची छत्री. समितीतल्या एका सभासदांनी दाखला वाचला, बाईकडे पाहिलं, आणि पुन्हा दाखला वाचला. आपल्या घरच्या बायका लग्नालाही इतक्या नटत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या तारखेला साध्या कपड्यांत येऊ दे, मग बघू, म्हणाले.

"साधं लुगडं एकच आहे," वकील म्हणाले. "ते घरी वाळत घातलंय."

एवढं बोलून ते बाहेर गेले. बाईबरोबर अर्धी वाडी एसटीनं आली होती आणि व्हरांड्यात बसून होती. त्यांतल्या एकेकाला ते आत घेऊन आले.

पहिली शेजारीण म्हणाली, "लुगडं माजं हाय. तळ्यावर जायाला ठेवलेलं. हिला म्हनलं, कोर्टात जातेस तर फाटकं नको नेसू गो." मार्चमध्ये चवदार तळ्यावर जाताना बायका ठेवणीतलं काढतात हे समितीतही सगळ्यांना ठाऊक होतं. कुड्या पुतणीच्या निघाल्या. वहाणा दुसऱ्या शेजारणीच्या होत्या आणि बाईला बोटभर मोठ्या होत होत्या. छत्री शाळेतल्या गुरुजींची होती. तिच्यावर लक्ष ठेवायला ते रजा टाकून आले होते. मी इतिवृत्तात वस्तू आणि मालक असं सगळं ओळीनं लिहून घेतलं.

समितीच्या अध्यक्षसाहेबांनी ती यादी मागून घेऊन वाचली. शेवटी त्यांनी बाईला विचारलं, "मग यातलं तुमचं काय?"

"घर माजं हाय," बाई म्हणाली. "त्येच्यासाठीच आले."

तेही मी लिहिलं. कोणी खोडायला सांगितलं नाही. अर्ज मंजूर झाला, त्या सभासदांनीही सही केली.

बाहेर आल्यावर मी वकिलांना म्हटलं की बाईला फाटक्या लुगड्यात आणलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. ते माझ्यावर रागावले ते तेवढं एकदाच. म्हणाले, "अहो, वाडीनं तिला माणसात उभं राहता यावं म्हणून सजवून पाठवली. मी तिला गरिबीचं सोंग घ्यायला सांगू?" मी पुन्हा तसं कधी बोललो नाही.

दावा चार वर्षं चालला. बाई जिंकली. निकालाची नक्कल घ्यायला आली तेव्हा वकिलांना घर बघायला या म्हणाली. त्यांनी जिंकलेलं एकही घर पाहिलेलं नव्हतं. पाऊस संपला की नक्की येतो, म्हणाले. गणपतीच्या आधीच ते गेले. हृदयविकार होता, आम्हाला कोणाला माहीतही नव्हता. मला त्यांची फार सवय झाली होती.

बाईला कळवायला मीच गेलो. पोलादपूरला उतरून चालत निघालो. चार वर्षं मी ज्याला कागदावर 'मिळकत' लिहीत होतो ते घर म्हणजे एक खोली आणि पडवी होती. जमीन सारवलेली, भिंती स्वच्छ. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन पत्र्याच्या ट्रंकेतून निकालाची नक्कल घेऊन आली.

"सायबांचं नाव हाय का यात?"

आहे म्हटलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. तुमचं नाव त्याच्या वरच्या ओळीत आहे, हेही दाखवलं. तिनं बोट उचललं नाही.

"म्हंजे आलेच की ते घरात," ती म्हणाली.

मी पडवीत येऊन उभा राहिलो. ती आत त्या कागदाजवळच बसून होती.