आत्यानं रक्त का लपवलं

सुमनआत्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पेणच्या एका गणपती कारखान्यात. मागच्या महिन्यात ती गेली. माझ्या वडिलांची थोरली बहीण, पेणजवळच्या कासू गावची.

कारखान्यात ती मूर्तींचे डोळे आखायची. ते काम तिला उशिराच मिळालं. पाळीत मूर्तीला हात लावायचा नाही हा तिथला नियम, आणि ऐन हंगामात चार दिवस बाजूला बसणाऱ्या बाईच्या हाती डोळे कोण देणार? पाळी बंद झाली तेव्हा कुंचला मिळाला. म्हणायची, "म्हातारी झाले तवा कारागीर झाले गो."

त्या सकाळी तिला परत रक्त गेलं. तिनं सरळ मालकिणीला सांगितलं. मालकीण हसली, "परत नहाण आलं काय गो सुमन?" आणि कुंचला काढून घेऊन तिला गोण्या आवरायला बसवलं. समोर होतं ते नुसतं प्लास्टर, अजून कुणी पूजलेलंही नव्हतं. आत्या त्यातून एवढंच शिकली... सांगायचं नाय. दोन दिवसांनी 'थांबलं' म्हणाली आणि परत डोळ्यांना बसली. थांबलं नव्हतं.

मला कळलं माघी गणपतीनंतर, ती रोह्याला माझ्याकडे आली तेव्हा. अर्धी झाली होती, संध्याकाळी ताप, पोट फुगलेलं. पहिल्या डॉक्टरांनी न तपासताच "वयाचं असतं" म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. आम्ही कॅन्सर धरून बसलो होतो. निघाला टीबी.

"टीबी छातीत असतो. मला तर खोकलापण नाय," आत्या म्हणाली.

"रक्तातून पिशवीपर्यंत जातो. या वयात क्वचित दिसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषधानं बरा होतो, पण लवकर यायला हवं होतं."

"मंग हंगामाला जाईन ना?"

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. टीबी पोटात सगळीकडे पसरला होता. गोळ्या लागू पडण्याआधीच आत्या गेली.

पाळी कायमची बंद झाल्यावर जाणारं रक्त ही पाळी नव्हे. तुमच्या घरात, कामावर अशा वयाची बाई असेलच. तिला आज विचारा. एक डाग जरी म्हणाली तरी तपासायला न्या, आणि कॅन्सर नाही म्हणाले तर टीबी पाहिला का, तेही विचारा. पण त्याआधी तिला शब्द द्या, की खरं सांगितलं म्हणून तिचं काम जाणार नाही. तो शब्द देता येत नसेल, तर आधी तुमचा नियम मोडा.